सुपर बोल कोण जिंकेल, हे आधी सांगायचं कसं?

प्रश्न असा आहे: सुपर बोलचा, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्याचा, अंदाज बांधताना नेमकं काय बघायचं, कशाला किती वजन द्यायचं, आणि टीव्हीवरचे माजी खेळाडू दरवर्षी छातीठोकपणे सांगूनही निम्म्या वेळा का चुकतात?

शेवटच्या भागाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देतो. सुपर बोलला पोचणारे दोन्ही संघ आपापल्या कॉन्फरन्सचे (लीगच्या दोन गटांपैकी एकाचे) विजेते असतात, त्यामुळे त्यांच्या ताकदीत फरक थोडाच उरतो. 2019 ते 2025 या सात सुपर बोलांपैकी सहांत बाजाराने लावलेला फरक, म्हणजे स्प्रेड, 3 गुण किंवा त्याहून कमी होता. त्या सातपैकी चार सामने अंडरडॉगने, म्हणजे बाजाराने मागे धरलेल्या संघाने, जिंकले. इतक्या जवळच्या सामन्यात 'अमुकच जिंकणार' म्हणणारा माणूस जवळपास नाणं उडवत असतो, फक्त आवाज चढा असतो. तुम्ही सगळं नीट केलंत तरी शेवटी हातात 54 किंवा 57 टक्के असा आकडा येणार. तो आकडा प्रामाणिक असला की काम झालं.

म्हणून पहिली सवय ही लावा की 'कोण' विचारायच्या आधी 'किती गुणांनी' विचारायचं. एनएफएलच्या सामन्यांत अंदाजित फरक आणि प्रत्यक्ष फरक यांच्यातलं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) साधारण 13 ते 14 गुण आहे. मी 13.5 धरतो. तुमच्या हिशेबाने एखादा संघ 3 गुणांनी सरस असेल तर 3 भागिले 13.5 करा आणि एक्सेलमधल्या नॉर्मल डिस्ट्रिब्युशनच्या फंक्शनला द्या. उत्तर 59 टक्क्यांच्या आसपास येतं. दीड गुणाला 54, सात गुणांना 70, दहा गुणांना 77. हा तक्ता डोक्यात बसला की गप्पांमधला बराच फापटपसारा आपोआप गळतो. 'ह्यांची स्पेशल टीम्स (किकच्या वेळी उतरणारी तुकडी) भारी आहे' असं कोणी म्हणालं तर विचारायचं, किती गुणांची? अर्ध्या गुणाची असेल तर जिंकण्याची शक्यता दोन टक्क्यांनीही हलत नाही.

एवढं विचलन येतं कुठून? एका सामन्यात प्रत्येक संघाच्या हाती चेंडू जेमतेम दहा-बारा वेळा येतो. प्रत्येक ताब्यातून सात (टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्याच्या टोकापार नेणं, आणि त्यानंतरची किक), तीन (फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारलेली किक) किंवा शून्य गुण निघतात. एक टर्नओव्हर (चेंडू समोरच्याच्या हाती गमावणं) सरासरी चार गुणांना पडतो, आणि तो परत पळवून टचडाउन केला तर जास्तच. जमिनीवर पडलेला चेंडू कोणाच्या हाती लागेल हे जवळजवळ पन्नास-पन्नास असतं, त्यात कौशल्य फारसं नाही. 2024 च्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सची टचडाउननंतरची एका गुणाची किक कॅन्सस सिटी चीफ्सच्या लिओ चेनालने अडवली, त्यामुळे आघाडी 17-13 ऐवजी 16-13 राहिली. मग चीफ्सना बरोबरी करायला फील्ड गोल पुरला. त्याच सामन्यात चीफ्सचा एक पंट (ताबा सोडताना लांब मारलेली किक) फोर्टीनायनर्सच्याच खेळाडूच्या पायाला लागला, चेंडू चीफ्सना मिळाला आणि पुढच्याच खेळीवर टचडाउन झाला. चीफ्स ओव्हरटाइममध्ये 25-22 ने जिंकले. कोणत्याही मॉडेलमध्ये 'पायाला चेंडू लागेल' असा रकाना नसतो. हे सगळं त्या 13.5 मध्ये धरलेलं आहे.

आता सुरुवात कुठून करायची. स्वतःच्या आकडेमोडीपासून करू नका, बाजारभावापासून करा. कॉन्फरन्स फायनल संपल्याच्या रात्री स्प्रेड जाहीर होतो आणि पुढचे दोन आठवडे त्यावर मोठमोठे सट्टेबाज पैसे लावून तो घासतात. त्यात दुखापती, हवामान, डावपेच सगळं आधीच मुरलेलं असतं. भारतात यावर पैसे लावणं कायद्यात बसत नाही, 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ती वाट आणखी घट्ट बंद केली आहे. पण स्प्रेड ही सर्वांना दिसणारी माहिती आहे, आणि अंदाजासाठी तिच्याइतकी चांगली फुकट माहिती दुसरी नाही. भाव मनीलाइनमध्ये (फक्त कोण जिंकेल यावरचा भाव) दिला असेल तर त्याचे टक्के करून घ्या. उणे 120 (100 कमवायला 120 लावायचे) म्हणजे 120 भागिले 220, अर्थात 54.5 टक्के. समोरच्याचा भाव अधिक 100 असेल तर 50 टक्के. बेरीज 104.5 येते, कारण वरचे साडेचार टक्के बुकीचं कमिशन. दोन्ही आकड्यांना 1.045 ने भागलं की खरी शक्यता 52 आणि 48 निघते. हा भागाकार विसरला की फेव्हरिट उगाच दोन-अडीच टक्के जास्त बलवान दिसतो. ही चूक फार जण करतात.

दुसऱ्या बाजूने स्वतःचा आकडा काढायचा. तो कसा, हे 2025 च्या फिलाडेल्फिया ईगल्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स सामन्यावर करून दाखवतो. सगळे आकडे सामन्याआधी उपलब्ध होते. निकाल माहीत असल्यामुळे हिशेब वाकडा होऊ नये म्हणून पायरी-पायरीने जाऊ.

नियमित हंगामात चीफ्स 15-2, ईगल्स 14-3. इथेच बरेच लोक थांबतात आणि चीफ्सना वर ठेवतात. जिंकलेल्या सामन्यांची संख्या मात्र पुढचं सांगायला कच्चं माप आहे, गुणफरक त्याहून पक्का. चीफ्सनी 385 गुण केले, 326 दिले, फरक 59. ईगल्सनी 463 केले, 303 दिले, फरक 160. पायथागोरियन सूत्रात फुटबॉलसाठी घातांक 2.37 घेतात: केलेल्या गुणांचा 2.37 वा घात भागिले केलेल्या आणि दिलेल्या अशा दोन्ही घातांची बेरीज. चीफ्सना त्यातून 17 सामन्यांत सुमारे 10 विजय मिळायला हवे होते, ईगल्सना 12 ते 13. चीफ्सचे वरचे पाच विजय आले कुठून, तर 8 किंवा कमी गुणांनी संपलेल्या 11 सामन्यांपैकी 11 जिंकून. अशा सामन्यांचं यश पुढच्या वेळी टिकत नाही. 2022 चे मिनेसोटा व्हायकिंग्ज याच वाटेने 13-4 झाले होते, तेही गुणफरक उणे असताना, आणि प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सकडून 31-24 ने हरले.

पण थांबा, इथे एक खड्डा आहे. चीफ्स शेवटच्या आठवड्यात डेन्व्हरकडून 38-0 ने हरले, कारण पहिला क्रमांक आधीच पक्का झाल्यामुळे त्यांनी मुख्य खेळाडू बसवले होते. तो सामना काढलाच पाहिजे. काढल्यावर चीफ्सचा फरक 16 सामन्यांत 97 होतो, म्हणजे सामन्यामागे 6.1. ईगल्सनीही शेवटचा सामना राखीव खेळाडूंवर काढला होता (जायंट्सविरुद्ध 20-13), तोही वगळू: 16 सामन्यांत 153, सामन्यामागे 9.6. दोघांत 3.5 गुणांचं अंतर, ईगल्सच्या बाजूने. हाच सामना न काढता हिशेब केला तर अंतर सामन्यामागे सहा गुणांचं दिसतं आणि तुम्ही ईगल्सच्या प्रेमात पडता. राखीव खेळाडूंचे सामने तपासणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त चुका त्यानेच वाचतात.

मग प्रतिस्पर्धी. चीफ्सचे उरलेल्या 16 पैकी 8 सामने प्लेऑफला पोचलेल्या संघांशी झाले, ईगल्सचे 7. फार फरक नाही, पण ईगल्सच्या वाट्याला जायंट्स आणि काउबॉइजसारखे रडतखडत खेळणारे शेजारी आले आणि त्यांच्यावर मोठे विजय मिळाले: 28-3, 34-6, 41-7. अर्धा गुण कापू. अंतर 3 वर आलं.

त्यानंतर आकडा आकुंचित करायचा. 16 सामने हा नमुना लहान आहे, आणि लहान नमुन्यात दिसणारा फरक खऱ्या फरकापेक्षा फुगलेला असतो. 0.7 ने गुणलं की 2.1. ही पायरी गाळणाऱ्यांचे अंदाज दरवर्षी टोकाचे येतात. एलो पद्धत (प्रत्येक सामन्यानंतर संघाचं रेटिंग वर-खाली करणारी) वापरत असाल तर तिच्यात हे आकुंचन आधीच असतं. तिथे एलोच्या साधारण 25 गुणांचा एक मैदानी गुण धरतात.

आता बाजार म्हणत होता चीफ्स दीड गुणाने पुढे. आपला हिशेब म्हणतो ईगल्स 2.1 ने. दोघांचा मध्य काढायचा: ईगल्स 0.3 ने पुढे. म्हणजे नाणंच. माझ्या मते हौशी माणसाने बाजाराला निम्म्याहून कमी वजन कधीही देऊ नये, आणि स्वतःचा आकडा बाजारापासून चार-पाच गुण दूर जात असेल तर आधी स्वतःची चूक शोधावी. दहापैकी नऊ वेळा एखादा जखमी क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) हिशेबातून सुटलेला असतो.

गुणफरकापेक्षा बारीक माप हवं असेल तर ईपीए घ्या, म्हणजे प्रत्येक खेळीने अपेक्षित गुणांत केलेली भर. स्वतःच्या 25 यार्डांवर पहिला डाउन (चार प्रयत्नांपैकी पहिला) असताना त्या ताब्याची किंमत साधारण एक गुण असते. 30 यार्डांचा पास पकडून चेंडू समोरच्याच्या 45 वर गेला की ती अडीचच्या आसपास जाते, मग त्या खेळीचा ईपीए दीड. 1999 पासूनच्या प्रत्येक खेळीची नोंद एनएफएलफास्टआर या मोफत संचात मिळते, आर भाषेचं तोंडओळखीपुरतं ज्ञान पुरतं. ते जमत नसेल तर प्रो फुटबॉल रेफरन्सवरचे तक्ते आहेतच. ईपीए काढताना तीन गोष्टी करा. सामना आधीच निकाली निघालेला असतानाच्या खेळ्या, म्हणजे जिंकण्याची शक्यता 5 टक्क्यांखाली किंवा 95 च्या वर असतानाच्या, वगळा. फम्बल (हातातून सुटलेला चेंडू) कोणाच्या हाती लागला हा भाग बाजूला काढा. आणि पासिंगला धावण्यापेक्षा जास्त वजन द्या, कारण पासचा दर्जा आठवड्यागणिक टिकतो, धावण्याचा कमी. आक्रमण बचावापेक्षा जास्त टिकाऊ असतं, मी ढोबळमानाने 60-40 धरतो. अर्थात 60-40 म्हणजे शंभर टक्के नव्हे. 2013 च्या हंगामात डेन्व्हर ब्रॉन्कोसनी 606 गुणांचा विक्रम केला, सुपर बोलमध्ये पहिल्याच स्नॅपला (खेळी सुरू करताना चेंडू मागे देणं) चेंडू त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या बाजूने मागे निघून गेला, बाराव्या सेकंदाला सेफ्टी (समोरच्याला फुकट दोन गुण) झाली, आणि सामना सिॲटलने 43-8 असा खाऊन टाकला.

यानंतरचा टप्पा हा खरा कौशल्याचा: माणसं. इथे मी ज्या किमती धरतो त्या ढोबळ आहेत, पण क्रम बहुतेक जाणकारांचा हाच असतो. वरच्या दर्जाचा क्वार्टरबॅक जाऊन राखीव आला तर पाच ते सात गुण. लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकची डावी कड राखणारा) गेला तर अर्धा ते एक. दोन्ही टॅकल गेले तर दोघांची बेरीज नव्हे, त्याहून जास्त, कारण मग मदतीला टाइट एंड आणि रनिंग बॅक आत ओढावे लागतात आणि पास पकडायला माणसं कमी पडतात. चांगला कॉर्नरबॅक (समोरच्या पास पकडणाऱ्यांना रोखणारा) अर्धा गुण. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), कितीही नावाजलेला असो, अर्ध्याच्या आत. 2025 च्या त्या सामन्यात सॅक्वॉन बार्कलीला 25 वेळा चेंडू देऊन 57 यार्ड मिळाले, तरी ईगल्स आरामात जिंकले.

ऑफेन्सिव्ह लाइनकडे (क्वार्टरबॅकला राखणारी पाच जणांची फळी) लोकांचं सगळ्यात कमी लक्ष असतं आणि सुपर बोलमध्ये तीच जास्त वेळा बोलते. फेब्रुवारी 2021 मध्ये चीफ्स 3 गुणांनी फेव्हरिट होते. लेफ्ट टॅकल एरिक फिशरचं अकिलीस टेंडन कॉन्फरन्स फायनलमध्ये फाटलं होतं, राइट टॅकल मिचेल श्वार्ट्झ आधीच बाहेर होता. टॅम्पा बे बकनियर्सनी फारसा ब्लिट्झ (चौघांहून जास्त जण क्वार्टरबॅकवर धाडणं) न करता, पुढच्या चौघांवरच चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सला पूर्ण सामना पळवत ठेवलं. निकाल 31-9, चीफ्सचा एकही टचडाउन नाही. चौघांनी दबाव आणला की सात जण मागे पास अडवायला मोकळे राहतात, हे त्यामागचं साधं गणित. माहोम्सवर ब्लिट्झ करणं महागात पडतं, हे तोपर्यंत सगळ्या लीगला माहीत होतं. त्यामुळे त्याच्याविरुद्धचा प्रश्न एवढाच राहतो: समोरच्या संघाकडे ब्लिट्झविना पोचणारे चौघे आहेत का?

2025 मध्ये चीफ्सकडे लेफ्ट टॅकल नव्हताच म्हणा. हंगामभर एकामागून एक पर्याय वापरून झाल्यावर जो थुनी या लेफ्ट गार्डला (टॅकलशेजारच्या आतल्या खेळाडूला) तिथे हलवलं होतं. गार्ड म्हणून तो लीगमधल्या उत्तमांपैकी, पण त्याला हलवल्यामुळे एक नव्हे, दोन जागा कमकुवत झाल्या. समोर ईगल्सकडे जेलेन कार्टर, जोश स्वेट, मिल्टन विल्यम्स, नोलन स्मिथ अशी आलटून-पालटून उतरणारी फळी, आणि ब्लिट्झ टाळणारा विक फँजिओ हा बचाव समन्वयक. याला मी एक गुण दिला असता. ईगल्सच्या बाजूनेही कुरबुर होती: सेंटर कॅम जर्गन्सची पाठ आणि गार्ड लँडन डिकरसनचा गुडघा. त्याचा अर्धा गुण वजा. चौथ्या आठवड्यानंतरच्या सुट्टीपासून ईगल्सचा बचाव पूर्ण बदलला होता. राखीव खेळाडूंचा सामना सोडून त्यानंतरच्या 12 सामन्यांत त्यांनी 357 गुण केले आणि फक्त 194 दिले. अलीकडच्या कामगिरीला जास्त भाव द्यायचा मोह आवरावा लागतो, कारण 'फॉर्म' हा बहुतेक वेळा भासच असतो. इथे मात्र कारण दिसत होतं, तरुण कॉर्नरबॅक कूपर डीजीन त्याच सुट्टीनंतर मुख्य अकरांत आला होता. म्हणून आणखी अर्धा गुण. शेवटी ईगल्स 1.3 गुणांनी पुढे, जिंकण्याची शक्यता 54 टक्के.

प्रत्यक्षात ईगल्स मध्यंतराला 24-0 ने पुढे होते आणि 40-22 ने जिंकले. माहोम्सला सहा वेळा सॅक केलं (पास फेकायच्या आत पाडलं), एकदाही ब्लिट्झ न करता. डीजीनने इंटरसेप्शन (मधेच पकडलेला समोरच्याचा पास) थेट टचडाउनपर्यंत पळवलं. हे बघून 'आपण 54 म्हणालो, खरं तर 90 म्हणायला हवं होतं' असं वाटेल. तसं वाटू देऊ नका. एका निकालाने ना तुमचे 54 टक्के सिद्ध होतात, ना चीफ्सना 54 देणाऱ्या बाजाराचे खोटे ठरतात.

आणि लाइनचा हा तर्क कायदा म्हणून घेऊ नका. 2022 च्या नियमित हंगामात याच ईगल्सनी 70 सॅक केले होते. फेब्रुवारी 2023 मध्ये ॲरिझोनात त्याच चीफ्सविरुद्ध त्यांना एकही सॅक मिळाला नाही. मैदान निसरडं होतं, कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या पास रशरांचे पाय घसरत होते, चीफ्सच्या त्या वर्षीच्या लाइनची पाचही माणसं जागेवर होती आणि माहोम्स चेंडू झटपट सोडत होता. चीफ्स 38-35 ने जिंकले. म्हणजे दोन गोष्टी एकत्र बघायच्या: पास रश किती भारी आणि समोरची लाइन किती फाटलेली. फक्त पहिली बघून अंदाज बांधला तर 2023 मध्ये फसला असतात.

ज्या गोष्टींना शून्य किंवा शून्याच्या आसपास किंमत द्यायची त्या भराभर सांगतो. नाणेफेक: आपल्याला क्रिकेटची सवय असल्याने तिचं महत्त्व उगाच वाटतं. इथे जिंकणारा संघ बहुधा निवड दुसऱ्या अर्धाकडे ढकलतो आणि मामला मिटतो. प्लेऑफमधल्या ओव्हरटाइममध्येही आता दोन्ही संघांना चेंडू मिळतो. जर्सीचा रंग: शून्य. दोघांचा नियमित हंगामातला आपसातला सामना: जवळजवळ शून्य, तो एकूण गुणफरकात आधीच मोजला गेलेला असतो. विश्रांती: दोघांनाही सहसा दोन आठवडे मिळतात, म्हणून शून्य. घरचं मैदान: हल्ली नियमित हंगामात त्याची किंमत दोन गुणांच्या आसपास आहे, पण सुपर बोलची जागा काही वर्षं आधीच ठरलेली असते आणि तिकिटं दोन्हीकडे वाटली जातात. टॅम्पा बे 2021 मध्ये आणि रॅम्स 2022 मध्ये योगायोगाने स्वतःच्याच स्टेडियमवर खेळले आणि दोघेही जिंकले. त्याचा अर्धा-एक गुण धरायला हरकत नाही, तीन धरू नका. 'मोठ्या सामन्यांचा अनुभव' मी कोचसाठी किंचित मानतो, खेळाडूंसाठी नाही. निक फोल्स हा राखीव क्वार्टरबॅक होता, 2018 मध्ये त्याने मुरलेल्या टॉम ब्रेडीला 41-33 ने हरवलं. ब्रेडीने त्या सामन्यात 505 यार्ड फेकले होते.

हवामान बहुतेक वेळा मुद्दाच नसतो, कारण स्टेडियम बंदिस्त किंवा उबदार गावातलं असतं. उघडं मैदान असेल तर पावसापेक्षा वाऱ्याकडे बघा. ताशी 25 किलोमीटरच्या वर वारा असेल तर लांब पास आणि लांब फील्ड गोल दोन्ही बिघडतात, एकूण गुण कमी धरा. जिंकण्याच्या शक्यतेवर त्याचा परिणाम लहान असतो.

स्कोअर सांगायचाच असेल तर फरक आणि एकूण गुण, दोन्ही लागतात. 2025 ला एकूण गुणांची रेषा साधारण 49 होती. फरक 1.3 धरला तर उत्तर 25-24 येतं, पण फुटबॉलमध्ये गुण तीन आणि सातच्या पटींनी गोळा होतात, म्हणून जवळचा नेहमीचा स्कोअर निवडा: 27-24 किंवा 24-23. नेमका स्कोअर बरोबर येण्याची शक्यता कितीही शहाणपण केलं तरी टक्का-दीड टक्क्याच्या पुढे जात नाही. एकूण गुणही तितकेच चळतात. 2019 मध्ये लीगमधलं एक बलाढ्य आक्रमण मैदानात असताना पॅट्रियट्सनी रॅम्सना 13-3 ने हरवलं, सुपर बोलच्या इतिहासातली सर्वांत कमी बेरीज.

तीन आणि सात या आकड्यांचा आणखी एक उपयोग आहे. एनएफएलचे साधारण सातातला एक सामना नेमका 3 गुणांच्या फरकाने संपतो, 7 चा क्रमांक त्याच्या मागे. त्यामुळे स्प्रेड अडीचवरून साडेतीनवर गेला तर ती मोठी बातमी आहे, साडेचारवरून साडेपाचवर गेला तर किरकोळ. कोणीतरी काहीतरी जाणतंय का हे बघायचं असेल तर तीन ओलांडणाऱ्या हालचालीवर लक्ष ठेवा आणि लगेच दुखापतींची यादी उघडा.

ती यादी वाचायची रीत अशी. सरावाच्या दिवशी प्रत्येक जखमी खेळाडूसमोर तीनपैकी एक नोंद येते: सराव केला नाही, मर्यादित केला, पूर्ण केला. बुधवारी न केलेला सराव फारसं सांगत नाही, जुन्या खेळाडूंना मुद्दाम विश्रांती देतात. दिशा बघा. मर्यादितवरून पूर्णकडे गेला तर खेळणार, पूर्णवरून मर्यादितकडे घसरला तर मधल्या दिवसात काहीतरी झालंय. शुक्रवारी शेवटचा शेरा येतो. 'क्वेश्चनेबल' (खेळेल की नाही अनिश्चित) असलेले बहुतेक जण सुपर बोलमध्ये खेळतातच, पुढे सामनाच नसल्यामुळे दुखापत राखून ठेवायचं कारण उरत नाही. पण खेळणं आणि पूर्ण ताकदीने खेळणं यात फरक आहे, विशेषतः घोट्याच्या वरच्या भागाची दुखापत असेल तर. तिथे खेळाडूच्या किमतीतला निम्मा भाग तरी कापा. न खेळणाऱ्यांची अंतिम यादी किकऑफच्या दीड तास आधी लागते. सामना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला. अंदाज पक्का करायचा तर साडेतीनचा गजर लावावा लागतो.

पद्धत बरी आहे की नाही हे सुपर बोलवरून कधीच कळणार नाही, वर्षातून एकच सामना. नियमित हंगामाचे 272 आणि प्लेऑफचे 13, असे सगळे धरून चाला. प्रत्येक सामन्याआधी शक्यता लिहून ठेवा, निकालानंतर वर्ग काढा: 0.60 म्हणालात आणि संघ जिंकला तर 0.40 चा वर्ग 0.16, हरला तर 0.60 चा वर्ग 0.36. सरासरी जितकी कमी तितकी चांगली. हंगामाची सरासरी 0.25 आली तर तुमचा अंदाज नाण्याइतकाच. बाजाराच्या टक्क्यांवरही हाच हिशेब चालवा. सरासरी बाजाराच्या जवळ पोचली तरी पाठ थोपटून घ्या. बाजाराच्या खाली गेली तर आधी नोंदी तपासा, निकालानंतर लिहिलेले आकडे त्यात घुसले नाहीत ना.

न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या ऑफिसांत काम करणाऱ्यांना यातलं काही न करता भाग घ्यावा लागतो तो 'स्क्वेअर्स'चा: दहा बाय दहाच्या चौकटी, प्रत्येक क्वार्टरच्या शेवटी दोन्ही संघांच्या गुणांचा शेवटचा अंक जुळला तर बक्षीस. अंक बहुधा चिठ्ठीने मिळतात. 0, 7, 3 आणि 4 आले तर खूश व्हा. 2 किंवा 5 आला तर चौथ्या क्वार्टरपर्यंत फार आशा ठेवू नका. अंक आधी बघून चौकट घ्यायची मुभा असेल तर 0 आणि 7 ची चौकट पकडा आणि फेव्हरिटच्या बाजूला 7 ठेवा, पहिल्या क्वार्टरला 7-0 हा स्कोअर नेहमीचाच आहे.